रिकाम्या चौकटींचा सर्किट डायग्राम : माझा अनुभव

भोसरीतील एका छोट्या कारखान्यातून जुन्या जर्मन यंत्राचे कंट्रोल कार्ड माझ्याकडे दुरुस्तीसाठी आले. त्याची आठही आउटपुट बंद होती. सोबतचा सर्किट डायग्राम उघडला, तर डिप्लोमाला शिकलेला, ‘डी’ अक्षरासारखा दिसणारा अँड गेट (इनपुटांवरून ० किंवा १ ठरवणाऱ्या सर्किटचे चिन्ह) त्यात कुठेच नव्हता. होत्या त्या केवळ आयताकृती चौकटी. ही सर्किटच्या चिन्हांसाठीच्या आयईसी ६१७-१२ आणि आयईईई ९१-१९८४ या मानकांतील पद्धत होती.

साधे गेट लवकर उमगले. ‘&’ म्हणजे सगळी इनपुट १ हवीत, अर्थात अँड. ‘≥१’ म्हणजे निदान एक इनपुट १ हवे, अर्थात ऑर. ‘=१’ म्हणजे दोनपैकी नेमके एकच १ हवे, अर्थात एक्स-ऑर.

अडलो ते आउटपुटच्या आयसीपाशी (चिपपाशी). वर खाचा असलेली एक चौकट, तिच्यात ‘ईएन’ (एनेबल) आणि ‘सी१’, खाली आठ कप्पे, त्यांतील पहिल्यात ‘१डी’ आणि उलटा त्रिकोण, बाकीचे सात चक्क रिकामे. बुधवार पेठेतून याच आयसीचा, म्हणजे ७४एलएस३७४चा, नवा नग आणून बसवला, पण दोष तसाच राहिला. तेव्हा मी सोल्डरिंग गन बाजूला ठेवली आणि आधी चिन्ह नीट वाचायचे ठरवले.

त्यासाठी ज्याची प्रत्येक पिन मला पाठ आहे, त्या ७४एलएस७४ची (० किंवा १ धरून ठेवणाऱ्या छोट्या आयसीची) जुनी डेटाशीट काढली. तिच्यात हेच चिन्ह लहान स्वरूपात होते: क्लॉकच्या (कामाचा क्षण ठरवणाऱ्या सिग्नलच्या) ३ क्रमांकाच्या पिनवर ‘सी१’, डेटाच्या २ क्रमांकाच्या पिनवर ‘१डी’. दोन्हींतला १ एकच आहे, हे दिसले आणि सारा गुंता सुटला. अक्षरानंतरचा आकडा हुकूम देणाऱ्याचा, अक्षराआधीचा तोच आकडा हुकूम पाळणाऱ्याचा. म्हणजे ‘सी१’ने परवानगी दिली तरच ‘१डी’ आत घेतला जातो. या पद्धतीतील सर्वांत सुंदर गोष्ट मला हीच वाटते, कारण आयसीच्या पोटातील गेट न रेखाटताही त्याचे वागणे कागदावर पूर्ण उतरते.

मग ७४एलएस३७४ कडे परतलो. खाचांची चौकट आठही कप्प्यांना सामाईक असते, आणि रिकामे कप्पे पहिल्यासारखेच असल्यामुळे त्यांत पुन्हा काही लिहीत नाहीत. ‘सी१’जवळची पाचर म्हणजे क्लॉकच्या चढत्या कडेलाच, म्हणजे तो ० वरून १ होतानाच, काम होते, आउटपुटवरचा उलटा त्रिकोण म्हणजे ट्राय-स्टेट, अर्थात ०, १ किंवा चक्क तुटलेले असे तीन प्रकारे राहू शकणारे आउटपुट. दोन्ही त्रिकोणीच दिसतात, त्यामुळे मी आधी त्यांची गल्लत केली होती. ‘ईएन’वरील लहान गोल सांगत होता की बाहेर ० असेल तेव्हाच आउटपुट जोडलेली राहतात.

‘ईएन’ म्हणजे पिन १. मीटर लावला, तर ट्रॅकवर ० होते, पण आयसीच्या पायावर नव्हते. मधला जोड ड्राय सोल्डर झाला होता, म्हणजे डाख नीट धरला नव्हता, आणि एलएस जातीच्या आयसीचे मोकळे इनपुट १ समजले जात असल्याने आठही आउटपुट एकदम तुटली होती. तो एक जोड पुन्हा तापवला आणि कार्ड चालू झाले.