अपग्रेडनंतर मंदावलेल्या दोन हार्ड डिस्क: माझा अनुभव

आमच्या घरातल्या जुन्या मोडी कागदपत्रांचे स्कॅन माझ्या घरच्या संगणकावर आहेत. ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलेले ए-४ आकाराचे एक पान टिफ स्वरूपात सुमारे १०० एमबी जागा घेते. अशी जवळपास ३,००० पाने झाली आहेत, म्हणजे ऐवज साधारण ३०० जीबीचा आहे. त्यातले कित्येक कागद आता उलगडताना तुटतात, त्यामुळे ते पुन्हा स्कॅन होतील अशी आशा नाही. म्हणूनच २ टीबीच्या एका डिस्कवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आणि कामाच्या फाइली, तर ४ टीबीची दुसरी डिस्क केवळ बॅकअपसाठी, अशी व्यवस्था मी केली होती. रोज रात्री अकरा वाजता आरसिंक हा फाइलींची प्रत करणारा प्रोग्राम सुरू होऊन चेकसमने, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याने, प्रत्येक फाइल तपासत असे आणि मी संगणकावर काही करत नसलो तर पाऊण तासात ते काम आटोपत असे.

उबुंटू १८.०४ ला मिळणारा पाच वर्षांचा नेहमीचा सपोर्ट ३१ मे २०२३ रोजी संपणार होता, म्हणून त्या महिन्यातल्या एका रविवारी मी २०.०४ वर अपग्रेड केले. त्याच दिवशी सकाळी कॅबिनेट उघडून आतली धूळ ब्लोअरने काढली होती. या दुसऱ्या गोष्टीला मी तेव्हा काहीच महत्त्व दिले नाही.

त्या रात्री अकरानंतर एखादे फोल्डर उघडायलाही पंधरा-वीस सेकंद लागू लागले, आणि सकाळी सात वाजता उठून पाहतो तर बॅकअप अजून चालूच होता. माझ्या मनात पहिली भीती आली ती डिस्क निकामी होत असल्याची. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांना स्मार्ट म्हणतात; स्मार्टसीटीएल या आज्ञेने दोन्ही डिस्कच्या त्या नोंदी काढल्या. बदललेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची) ५ क्रमांकाची आणि वाचता न येणाऱ्या, निर्णय प्रलंबित असलेल्या सेक्टरांची १९७ क्रमांकाची, अशा दोन्ही नोंदी दोन्ही डिस्कवर शून्य होत्या. त्याने जीव भांड्यात पडला, पण मंदपणाचे कारण काही कळले नाही.

त्यानंतरचे दोन दिवस चुकीच्या मोजमापात गेले. डीडी ही प्रत करणारी आज्ञा वापरून १ जीबीची फाइल लिहिली की वेग भरघोस दिसे, आणि डिस्क ठीक आहेत असे वाटे. प्रत्यक्षात तो मजकूर आधी रॅममधल्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जात होता आणि डिस्कवर नंतर सावकाश उतरत होता. हे लक्षात आल्यावर मी एचडीपार्म या आज्ञेने थेट डिस्कवरून वाचण्याचा वेग मोजला. पहिली डिस्क सेकंदाला १६२ एमबी वाचत होती, दुसरी ११. एकाच अपग्रेडनंतर दोन डिस्क इतक्या वेगळ्या वागत असतील तर कारणेही कदाचित दोन असतील, हा विचार मला तिथे प्रथम सुचला.

सगळ्यात उपयोगी पडला तो २०१८ मध्ये उबुंटू टाकताना बनवलेला १८.०४ चा लाइव्ह पेनड्राइव्ह (डिस्कवर काही न टाकता ज्यावरून संगणक सुरू करता येतो असा), जो सुदैवाने मी पुसला नव्हता. त्यावरून संगणक सुरू करून पुन्हा मोजले, तर जुन्या कर्नलवरही (प्रणालीच्या गाभ्यावरही) दुसऱ्या डिस्कचा वेग तितकाच कमी आला. म्हणजे या डिस्कपुरता अपग्रेडचा काहीही दोष नव्हता. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेजमधल्या ओळी मग मी नीट वाचल्या: वाचण्याची आज्ञा फसली, सीआरसी चूक (म्हणजे वाटेत मजकूर बिघडला), 'हार्ड रिसेटिंग लिंक' (म्हणजे दुवा पुन्हा नव्याने जोडणे), आणि दर काही वेळाने हेच पुन्हा. सुरुवातीला सेकंदाला ६ गिगाबिटवर जुळलेला साटा दुवा, म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यातली जोडणी, चुकांमुळे कर्नलने आधी ३ आणि मग १.५ गिगाबिटवर उतरवला होता. दुवा १.५ गिगाबिटवर असला तरी सेकंदाला जास्तीत जास्त १५० एमबी जाऊ शकतात. ११ पर्यंतची घसरण होत होती ती वारंवार होणाऱ्या रिसेटमुळे. स्मार्टमधली १९९ क्रमांकाची नोंद डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वहनातल्या चुका मोजते. ती सकाळी १८१ होती आणि संध्याकाळी २३७ झाली.

कॅबिनेट पुन्हा उघडले. दुसऱ्या डिस्कची केबल बोर्डाच्या बाजूला किंचित तिरकी बसलेली होती आणि तिला अडकवणारी पत्र्याची बारीक चिमटी तुटलेली होती. धूळ काढताना माझ्याच हाताचा धक्का तिला लागला असणार. नवी केबल लावल्यावर दुवा ६ गिगाबिटवर टिकला आणि वेग १७४ झाला.

पण रात्री अकरा वाजता संगणक पूर्वीसारखाच अडखळू लागला. हा भाग मात्र खरोखरच अपग्रेडचा होता, आणि तो समजून घ्यायला मला जास्त वेळ लागला. माझ्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये (आज्ञांच्या फाइलीत) आयओनाइस ही डिस्क वापरण्याचा प्राधान्यक्रम ठरवणारी आज्ञा वापरून आरसिंकला सगळ्यात खालचा, म्हणजे डिस्क मोकळी असेल तेव्हाच काम करण्याचा वर्ग दिलेला होता. कोणत्या प्रोग्रामची मागणी डिस्ककडे आधी पाठवायची हे कर्नलमधला शेड्यूलर ठरवतो. माझ्याकडे १८.०४ बरोबर मुळात आलेला ४.१५ हाच कर्नल होता, त्यात सीएफक्यू नावाचा शेड्यूलर होता, आणि तो हा वर्ग पाळत असे. २०१९ मध्ये आलेल्या ५.० या कर्नलमधून सीएफक्यू काढून टाकण्यात आला. २०.०४ च्या ५.४ कर्नलमध्ये माझ्या डिस्कना एमक्यू-डेडलाइन हा दुसरा शेड्यूलर लागू झाला होता, आणि त्या आवृत्तीत तो आयओनाइसचा वर्ग विचारात घेत नाही. आज्ञा कुठलीही चूक न दाखवता चालत होती, फक्त तिचा परिणाम होत नव्हता. ही गोष्ट मला फार खटकली, कारण स्क्रिप्टच्या लॉगमध्ये सगळे सुरळीत दिसत होते.

सिस या कर्नलच्या सेटिंग दाखवणाऱ्या फोल्डरात प्रत्येक डिस्कसाठी शेड्यूलर नावाची एक लहानशी फाइल असते. तिच्यात उपलब्ध नावे असतात आणि चालू असलेले नाव चौकटी कंसात दिसते. माझ्याकडे तिथे एमक्यू-डेडलाइन आणि नन (म्हणजे कुठलाच नाही) एवढीच दोन नावे होती. सीएफक्यूप्रमाणेच वर्ग पाळणारा बीएफक्यू हा शेड्यूलर उबुंटूबरोबर मॉड्यूल, म्हणजे कर्नलला हवा तेव्हा जोडता येणारा भाग, म्हणून येतो, पण तो आपोआप लोड झालेला नव्हता. मॉडप्रोब या आज्ञेने लोड करताच त्याचे नाव यादीत आले, आणि ते त्या फाइलीत लिहिल्यावर बॅकअप चालू असतानाही मोठी टिफ फाइल पूर्वीसारखी लगेच उघडली. संगणक बंद-चालू केल्यावर ही निवड टिकत नाही, म्हणून फिरती तबकडी असलेल्या प्रत्येक डिस्कला बीएफक्यू द्यावा असा एका ओळीचा नियम यूडेव्हच्या (जोडलेल्या उपकरणांना सेटिंग लावणाऱ्या प्रोग्रामच्या) फोल्डरात लिहिला आणि बूटच्या वेळी ते मॉड्यूल लोड व्हावे अशीही नोंद केली.

त्या रात्री मी अकरा ते साडेबारा वाजेपर्यंत पाने वाचत बसलो. बॅकअपला नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ लागला, कारण मी काम करत असताना तो मागे थांबत होता, आणि मला तेच हवे होते. १९९ क्रमांकाचा आकडा कधी कमी होत नाही. केबल बदलल्यापासून तो २३७ वरच आहे, आणि दर रविवारी मी तो पाहतो.