किडे मेले होते

सकाळी साडेसहाला ऑपरेटरचा फोन. "सायेब, टाकी उतू गेलीया. पार्किंगात फेस आलाय." कोल्हापुरात फेस म्हटलं की पंचगंगा आठवते, आणि आमच्या दवाखान्याचं सांडपाणीही प्लँटमध्ये शुद्ध होऊन जयंती नाल्यातून शेवटी तिकडंच जातं. चहा तसाच टाकून निघालो.

एरेशन टाकीवर, म्हणजे जिथं हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाववतात तिथं, गुडघाभर पांढरा फेस. टाकीतलं पाणी लिटरच्या सिलिंडरमध्ये भरून ठेवलं. जिवाणूंचा गाळ चांगला असला की अर्ध्या तासात तपकिरी थर खाली बसतो, वर नितळ पाणी. इथं तळापासून वरपर्यंत भांडी विसळल्यासारखं राखाडी. घाण खाणारे जिवाणू, आमच्या ऑपरेटरच्या भाषेत 'किडं', मेले होते. दवाखान्याच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रक्रिया केलेल्या पाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगायला हवेत. त्या दिवशीच्या पाण्यात मासा सोडायची माझी छाती झाली नसती.

वरच्या साहेबांच्या टेबलावर पाणी शुद्ध करायच्या ओझोन यंत्राचं कोटेशन पडलेलंच होतं. "घेऊनच टाकू," असा सूर निघाला. ओझोनशी माझं भांडण नाही. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक औषधं जिवाणूंना धड पचत नाहीत. ती फोडायला ओझोन आणि मागं कार्बन फिल्टर, उत्तमच. पण तो शेवटचा हात. साबण आणि मैला तसाच राहिला तर ओझोन त्यांच्यावरच संपतो.

म्हणून किडे कशानं मेले ते शोधायला, चेंबर उघडत पाण्याच्या उलट दिशेनं चालत गेलो. लाँड्रीच्या चेंबरमधल्या पाण्यात क्लोरिन दाखवणाऱ्या ऑर्थोटॉलिडिनचे थेंब टाकले. ब्लीचमधल्या थोड्या क्लोरिनला पिवळं होतं. हे थेट नारिंगी.

"मावशी, ब्लीच किती घालता?"

"रक्ताचं डाग निघंनात ओ. काल चादरींचा ढीग होता, अख्खा कॅन ओतला."

डाग का निघेनात? वेळ वाचवायला कुणीतरी मशीनची पहिली गार पाण्याची फेरी बंद केली होती. रक्तावर आधीच गरम पाणी पडलं की डाग पक्का होतो, हे मावशींनाही ठाऊक. पण बटणं त्यांच्या हातात नव्हती.

गार फेरी सुरू केली. लाँड्रीची लाइन थेट एरेशनला होती, ती आधी इक्वलायझेशन टाकीत, म्हणजे सगळं पाणी एकत्र मिसळायच्या टाकीत वळवली, तिथं किडे मारणारं क्लोरिन निकामी करणारं थायोसल्फेट सुरू केलं. दुसऱ्या प्लँटवरून टँकरभर जिवंत गाळ आणला.

नवव्या दिवशी सिलिंडरच्या तळाशी तपकिरी थर बसला. मावशी धुण्याची गाडी ढकलत आल्या, वाकून बघितलं.

"जगलं का तुमचं किडं?"