विषय क्रमांक ७, सर्वानुमते

सूचक तेरांच्या गटातले, अनुमोदक अकरांच्या गटातले, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. अंदाजपत्रकी सभेच्या इतिवृत्तात पाणीपट्टीच्या विषयाखाली ही नोंद आहे. तेव्हापासून दोन्ही पक्षांचे लोक तिची प्रमाणित प्रत मागायला सभा शाखेत येताहेत. आपला कोणता नगरसेवक फुटला हे त्यांना शोधायचंय, आणि ते त्या प्रतीत सापडणार नाही. तशी तजवीज सभागृहातच झाली होती.

आमच्या नगरपालिकेत नगरसेवक २४. तेरा एका पक्षाचे, अकरा दुसऱ्याचे, आणि थेट जनतेतून आलेले नगराध्यक्ष अकरांच्या पक्षाचे. हा घोळ कायद्यानेच घातलेला आहे. २०१६ ला थेट निवडणूक, २०२० ला नगरसेवकांतून निवड, २०२२ ला पुन्हा थेट. मुंबईत सरकार बदललं की इथे खुर्चीचा रस्ता बदलतो, आणि खुर्ची एकाची, बहुमत दुसऱ्याचं असा संसार पाच वर्षं आम्ही चालवायचा.

त्याआधी प्रशासक होते. तेव्हा प्रस्तावाची टिपणी मांडणारे साहेब आणि मंजूर करणारे साहेब एकच, ठरावाला पाच मिनिटं पुरायची. लोक त्या काळाची आठवण काढतात, पण त्या वर्षांत टिपणीतले आकडे कुणीही तपासले नाहीत.

आकडे असे. नळजोडण्या ९,०००, पाणीपट्टी वर्षाला १,८०० रुपये, म्हणजे मागणी १ कोटी ६२ लाख. वसुली ६० टक्के, हाती ९७ लाख. पंपांचं वीजबिलच महिन्याला १५ लाखांच्या घरात, शिवाय तुरटी, क्लोरीन, गळती दुरुस्ती, ठेकेदाराची माणसं. टिपणीत सुचवलं होतं, दर २,७०० करा. नगराध्यक्षांच्या पक्षाने पक्षादेश, म्हणजे व्हिप, काढला: टिपणीप्रमाणे बाजूने मतदान. तेरांच्या पक्षाने काढला: कोणत्याही दरवाढीच्या विरोधात मतदान.

पक्षादेश ही आता साधी चिठ्ठी राहिलेली नाही. १९८६ च्या अनर्हता कायद्याखाली आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला तटस्थ राहिलं, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि पद जाऊ शकतं. तिथे पहिला वाद असतो, आदेश मिळालाच नव्हता. म्हणून गटनेते पोच घेतात, सही नाकारली तर दारावर डकवून फोटो काढतात, वर व्हॉट्सॲपवर टाकून दोन निळ्या खुणा येईपर्यंत वाट बघतात. एका नगरसेविकेच्या आदेशाची पोच तिच्या यजमानांनी दिली. अशा पोचीवर वकिलाचं घर चालतं. दोन पक्ष फुटून कोणता गट खरा याचा निकाल आयोगापर्यंत गेल्यापासून तर गटनोंदणीचा कागद लोक सातबाऱ्यासारखा जपतात.

तडजोड दोघांनी घडवली. तेरांतले एक शेठ, बोअर-मोटारींचं दुकान, दोन पक्ष फिरून आलेले. त्यांना कुणी साधू समजू नये, सगळ्या प्रभागांत उधारी असलेल्या माणसाला भांडण परवडत नाही एवढंच. आणि अकरांतल्या एक ताई, पतसंस्थेत हिशेब लिहिलेल्या. अख्ख्या सभागृहात टिपणी शेवटच्या पानापर्यंत वाचलेल्या त्या एकट्याच असाव्यात, कारण प्रभागनिहाय परिशिष्टातली चूक त्यांनीच दाखवली. २,४०० जोडण्यांच्या पूर्व भागात पाणी चौथ्या दिवशी येतं, आणि टिपणीत सगळं शहर ‘दिवसाआड’ धरलं होतं.

विषय पुकारल्यावर अर्धा तास नेहमीचा कार्यक्रम झाला. नामनिर्देशित सदस्यांना मताचा हक्क नाही, म्हणून आवाज त्यांचाच मोठा. मग वीस मिनिटं सभा तहकूब, आणि पाणीपुरवठा अभियंत्याच्या खोलीत ताईंनी टिपणीच्या कोऱ्या पाठीवर गणित मांडलं.

२,७०० दराने मागणी २ कोटी ४३ लाख. वसुली ६० टक्केच राहिली तर हाती १ कोटी ४६ लाख. आता पूर्व भागाचा दर नवा जलकुंभ सुरू होईपर्यंत १,८०० च ठेवा, उरलेल्या ६,६०० जोडण्यांना २,२०० करा. मागणी होते १ कोटी ८८ लाख. पण वसुली ८० टक्क्यांवर गेली तर हाती १ कोटी ५१ लाख. दर कमी, पैसे जास्त. वसुली मात्र ६० वरच अडकली तर १ कोटी १३ लाख, आणि पुढच्या उन्हाळ्यात पंपांची वीज तुटायची वेळ. सगळा खेळ वसुलीवर.

वसुली का होत नाही हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पथक नळ तोडायला गेलं की थकबाकीदार नगरसेवकाला फोन करतो, नगरसेवक अभियंत्याला, अभियंता पथकाला. दोन्ही पक्षांचे लोक यात सारखेच मुरलेले. खरी तडजोड म्हणजे दोन्ही गटांनी फोन न करण्याचा दिलेला शब्द. तो ठरावात लिहिता येत नाही, कारण लिहिला तर आजवर फोन जात होते हे मान्य करावं लागतं. ठरावात आले ते दोन टप्प्यांचे दर, थकबाकी एकरकमी भरणाऱ्यांना सवलत, आणि व्यावसायिक जोडण्यांचं सर्वेक्षण.

उरला पक्षादेशाचा पेच. तडजोडीची ही उपसूचना, म्हणजे टिपणीतली दुरुस्ती, मतास टाकली असती तर दोन्हीकडचे अडकले असते. अकरांना टिपणीतलाच दर हवा असा आदेश, तेरांना कुठलीही वाढ नको असा. बाहेर निघून जाणंही धोक्याचं. वाट एकच होती, मतदान होऊच द्यायचं नाही. अध्यक्षांनी ‘मंजूर?’ म्हणून विचारायचं आणि निवडून आलेल्या एकानेही मतदान मागायचं नाही. चोवीसपैकी एक हात वर झाला असता तर सगळं ढासळलं असतं.

शेठ मसुदा सांगत होते, पण सूचक म्हणून नाव द्यायला तयार नव्हते. ‘माझं नाव लागलं की हा माझा सौदा ठरेल, मग कुणीच पाळणार नाही,’ म्हणाले. ताईंनीही नकार दिला. शेवटी सूचक झाले मागच्या उन्हाळ्यात पालिकेच्या पायऱ्यांवर मडकी फोडणारे नगरसेवक, आणि अनुमोदक झाले त्या मोर्चाविरुद्ध तक्रार देणारे. दोघांनाही आपापल्या पक्षात मवाळ म्हणायची कुणाची हिंमत नाही.

सभागृहात उपसूचना वाचून झाली. ‘मंजूर?’ तेरांकडचे एक नामनिर्देशित सदस्य ओरडले, ‘मतदान घ्या!’ ज्याला मत नाही त्याला मतदान मागता येणार नाही, असा अध्यक्षांनी निर्णय दिला. दोन निवडून आलेले नगरसेवक मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसले, बाकीच्यांनी बाकं वाजवली, पुढचा विषय पुकारला.

‘सर्वानुमते’ हे खरं आहे का, हे मला अजून नीट ठरवता येत नाही. प्रक्रियेच्या बाजूने नोंद अचूक आहे. हक्क असलेल्या कुणीही विरोध नोंदवलेला नाही. चित्रफितीतही तेच दिसतं. पण त्या दोन मोबाईलवाल्यांना विचारलं असतं तर? आणि विचारायचं नाही हेच तर ठरलं होतं. ज्या दिवशी शहराच्या पाण्याचा सगळ्यात शहाणा निर्णय झाला, त्या दिवशी कोण कुठे उभं होतं हे मतदारालाही कधी कळणार नाही. मत मोजून शहाणपणा करता येईल अशी सोय पक्षादेशाने ठेवलेलीच नाही, हा माझा राग. पक्षांतरबंदी घोडेबाजार रोखायला आली होती. पाणीपट्टीच्या चारशे रुपयांवर तिचा बडगा उगारायचं कारण काय?

तेरांच्या पक्षाने पंधरवड्यातच गटनेता बदलला. शेठवर याचिका करायची म्हणून त्यांच्या वकिलांनी प्रत नेली आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन विचारलं, मतदानाचं पत्रक कुठे? पत्रक नाही, म्हटलं. सर्वानुमते म्हणजे दोषी धरायचे तर तेराही धरावे लागतील, सूचकांसकट. तेव्हापासून तो विषय थंड आहे. शेठना मात्र कुठल्याही विषय समितीवर घेतलेलं नाही.

पुढच्या सभेत विषय क्रमांक १ नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. तिथे नोंद चुकली असं म्हणता येतं, निर्णय चुकला असं नाही. ताईंनी त्याच विषयपत्रिकेवर प्रभागनिहाय वसुलीचा तक्ता मागितलाय, दर महिन्याचा, थकबाकीदाराचा जोडणी क्रमांक आणि नळ का तोडला नाही याच्या रकान्यासह. अभियंते तो रकाना गाळायला सांगतायत. मी तो ठेवलाय.