बॉक्स हिलवरचं खरं बॉक्स

लंडनकर मंडळी शहराजवळच्या बॉक्स हिल या टेकडीवर जातात ती वरून दिसणाऱ्या देखाव्यासाठी, नाहीतर २०१२च्या ऑलिम्पिकमधली सायकल शर्यत झाली तो वळणावळणाचा रस्ता बघायला. ज्या झुडपाचं नाव टेकडीला मिळालं, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. बागेत कातरलेली बॉक्सची कुंपणं इंग्लंडभर आहेत. पण आपलं आपण वाढलेलं बॉक्स अगदी मोजक्या जागी उरलंय. त्यातली ही एक.

गाडीने थेट वर जाऊ नका. ट्रेनने बॉक्स हिल अँड वेस्टहम्बलला उतरा (रविवारचं वेळापत्रक आधी बघा) आणि मोल नदी दगडांवरून ओलांडा. पाणी चढलं असेल तर जवळच पूल आहे. पलीकडे लगेच पायऱ्यांची खडी चढण लागते. दम लागतो, पण बॉक्स याच उतारावर आहे.

सगळी टेकडी पांढऱ्या खडूच्या दगडाची. नदीने पायथा कोरल्यामुळे हा उतार इतका उभा झालाय की मोठी झाडं मुळं धरताना मेटाकुटीला येतात. बॉक्स अतिशय सावकाश वाढतं. मऊ, खोल मातीत दुसऱ्या झाडांनी त्याला केव्हाच झाकून टाकलं असतं. इथे मात्र यू या सदाहरित झाडाच्या गर्द सावलीतही ते बारमाही हिरवं राहतं. पान करवंदासारखंच समोरासमोर आणि चकचकीत, पण बरंच लहान, टोकाला किंचित खाच असलेलं. ऊन तापलं की उग्र दर्प येतो. मला आवडला, सोबतच्यांनी नाकं मुरडली. लाकूड इतकं घट्ट की पाण्यात बुडतं. जुन्या पुस्तकांतल्या चित्रांचे ठसे यावरच कोरत.

काही फांद्या निष्पर्ण आणि जाळ्यांनी गुरफटलेल्या दिसतील. पूर्व आशियातून आलेल्या एका पतंगाच्या हिरव्या-काळ्या अळ्यांचा हा प्रताप. शिवाय बुरशीही आहे. म्हणून फांदी तोडून आणू नका, आणि घरी बॉक्सचं कुंपण असेल तर बूट धुतल्याशिवाय बागेत पाऊल टाकू नका.

मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर बारीक पिवळसर फुलं दिसतील. पाऊस पडून गेला असेल तर खडू भयंकर निसरडा होतो, तेव्हा पकड असलेले बूटच घाला. उतरताना पायऱ्या टाळून बर्फर्ड स्परच्या गवताळ धारेने या. गुडघे वाचतात आणि स्टेशनही जवळ पडतं. वर कॅफे आहे, पण शनिवार-रविवारी रांग असते, डबा बरोबर ठेवा.