कॅमेरा डिकीत ठेवून

अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतल्या नेटिव्ह, म्हणजे मूळनिवासी कलावंतांवर माहितीपट करत होतो तेव्हाची गोष्ट. सांता फे आणि अल्बुकर्कीच्या मध्ये केवा पुएब्लो नावाचं गाव आहे. 4 ऑगस्टला तिथे गावजत्रा असते आणि दिवसभर मक्याचा नाच चालतो. पाहुण्यांना मज्जाव नाही. पण फोटो, ध्वनिमुद्रण, अगदी वहीत रेखाटन करायलाही सक्त मनाई. इकडे वाहिनीच्या निर्मात्याचा धोशा सुरूच होता, "डान्सचा एक तरी शॉट पाहिजे."

कॅमेरा, रेकॉर्डर, फोन सगळं गाडीच्या डिकीत टाकलं आणि चालत गेलो. बायकांच्या डोक्यावर रंगवलेल्या उभ्या लाकडी पाट्या, अंगात काळा पोशाख. पुरुषांच्या कमरेमागे कोल्ह्याचं कातडं लोंबतंय, हातात खुळखुळे आणि हिरव्या डहाळ्या. बाजूला ढोल आणि गाणाऱ्या पुरुषांचा घोळका. बराच वेळ मी मनातल्या मनात शॉटच लावत होतो: इथून लो अँगल, तिथून टेली. त्याचा कंटाळा आला तेव्हा कुठे ठेका ऐकू आला. चालता चालता ढोल मध्येच अडतो, एखादी मात्रा जास्तीची थांबतो, आणि अख्खी रांग त्याच्याबरोबर थांबते. कोणी कोणाकडे बघत नाही. कॅमेरा हातात असता तर मी तेव्हा हमखास फोकस ओढत असतो. आपल्याकडे दशावताराच्या रंगपटात आपण बिनदिक्कत कॅमेरा घुसवतो. नाही कोणी म्हणत नाही, पण आपण तरी कुठे विचारतो?

दुपारी एका घरात जेवायला बोलावलं. ओळख ना पाळख. लाल मिरचीचा रस्सा, मातीच्या भट्टीतला पाव. पंगतीसारखंच, जेवलात की उठा, पुढच्याला जागा द्या.

संध्याकाळी सांता फेला एडिट रूममध्ये परतलो. माझी संकलक नवाहो या मूळनिवासी जमातीतली आहे. दिवसाचा वृत्तान्त ऐकून तिने 1966 सालची एक फिल्म लावली. सोल वर्थ आणि जॉन अडेअर या दोन अभ्यासकांनी अ‍ॅरिझोनातल्या पाइन स्प्रिंग्जमध्ये नवाहो मंडळींच्या हातात 16 एमएम कॅमेरे दिले होते. सॅम याझी या वैदूने तेव्हा विचारलं होतं, सिनेमा केल्याने मेंढ्यांना काही अपाय होईल का? नाही म्हटल्यावर, मग काही फायदा होईल का? त्यालाही नाही. मग करायचा कशाला?

तिने लावली ती त्यांतल्याच सूझी बेनलीची फिल्म. ती विणकामावर आहे, पण विणणं यायला फार वेळ लागतो. त्याआधी माणसं चालतात. लोकरीसाठी चालतात, रंगाच्या मुळ्यांसाठी चालतात. चेहऱ्याचे क्लोजअप जवळजवळ नाहीतच. मी सवयीने म्हणालो, "हे चालणं निम्मं कापता येईल." ती म्हणाली, "मग विणकाम कुठून सुरू होणार?"

मग तिने हेडफोन माझ्या कानावर चढवला. रेव्हन चाकोन हा नवाहो संगीतकार. 2022 मध्ये संगीताचं पुलित्झर मिळवणारा पहिला नेटिव्ह अमेरिकन. 1999 मध्ये त्याने विंडो रॉक, कॅन्यन डी शेसारख्या ठिकाणची शांतता मुद्रित केली आणि आवाज पार टोकाला नेऊन ठेवला. कानात सरळ धबधबा कोसळतो. त्याचं दुसरं काम उत्तर डकोटातल्या स्टँडिंग रॉकचं. पाइपलाइनविरोधी आंदोलनात पोलिसांसमोर शेकडो माणसं गप्प उभी राहिली, ते गप्प राहणंच त्याने मुद्रित केलं. तिकडे नाचात मुद्रणाला सक्त मनाई आणि इथे हा माणूस मुद्रणच करतोय, हे आधी विसंगत वाटलं. पण आपलं काय, किती आणि कुठे ऐकवायचं हे इथे त्यांचं ते ठरवतात.

न्यूयॉर्कच्या स्पायडरवुमन थिएटर या तीन नेटिव्ह बहिणींच्या नाटक मंडळीचंही तेच. वडील औषधं खपवण्यासाठी 'इंडियन' म्हणून तमाशेवजा खेळ करायचे, त्यात या तीन बहिणी लहानपणी उभ्या राहिल्या. पुढे 1970च्या दशकात स्वतःची नाटक मंडळी काढली, मागे पडद्याऐवजी गोधडी टांगली, आणि त्याच खेळांची यथेच्छ टर उडवली.

रात्री निर्मात्याला मेल टाकला: नाचाचा शॉट येणार नाही. त्या जागी काळी फ्रेम आणि माझं वर्णन, दीड मिनिट.

पाच मिनिटांत उत्तर आलं, "लांबून ड्रोनने तरी?"


नाही, ड्रोनलाही कॅमेराच असतो, असं लिहून मी टाइमलाइनवर दीड मिनिट काळं टाकलं. संकलक म्हणाली, दोन कर.