दुसरी पंगत

गेलं तर सगळ्यांचं नेट जावं, असं असतं तर ते काम दहा मिनिटांचं होतं. माणूस सरळ वायरीच्या मागे लागतो. सांगलीच्या गावभागातल्या त्या वाड्यात मात्र कुणाचं जायचं, कुणाचं चालायचं, आणि आज ज्याचं गेलं त्याचं उद्या आपोआप यायचं.

वाड्यात दोन भाऊ राहतात. खाली अण्णा, वर तात्या. हळदीचा व्यापार एकत्र, चुली वेगळ्या, नेट एकच. अण्णांचं म्हणणं, "माझ्या कॉम्प्युटरवर एक दिवस बंद नाही. बिलं निघतात, मेल जातात. या पोरांच्या मोबाईलातच खोट आहे." तात्यांची मुलगी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, ती आठ दिवस मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काढत होती. अण्णांच्या सूनबाईंना काहीच त्रास नव्हता, फक्त त्यांचा रोजचा डेटा दुपारीच संपायचा. आणि वरच्या काकूंनी मला जिन्यातच गाठून हळू आवाजात विचारलं, "खालून कुणी आमचं तेवढं बंद करू शकतं का हो?" म्हणजे गोष्ट नेटच्या पुढे गेली होती.

नेट कंपनीचा पोरगा दोनदा येऊन गेला होता. फायबरमधला उजेड मोजला, उणे १९ डीबीएम, म्हणजे ठणठणीत. "आमच्याकडून ओके आहे" म्हणून सही घेऊन गेला. खोटं बोलला नव्हता तो.

मी गेलो तो जुलैचा शनिवार. गावभागात जुलैमध्ये कुठल्याही घरात गेलात तरी पहिला विषय पाण्याचा. आयर्विन पुलापाशी किती फूट झालं, कोयनेतून किती सोडलं, हे झाल्याशिवाय चहासुद्धा येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये या वाड्यात पाणी शिरलं होतं. तेव्हापासून खालच्या मजल्यावर खांद्याच्या खाली विजेचा एकही बोर्ड नाही. इन्व्हर्टर वर गेला, नेटचा डबा आणि त्यातून घरभर केबली वाटणारा स्विच तुळईला टेकले. त्या वर्षीच्या दिवाळीत हे सगळं मीच बसवून दिलं होतं. भिंती दगडमातीच्या, दोन-दोन फूट जाड, वायफाय त्यातून जात नाही. म्हणून स्विचमधून एक केबल वर नेऊन तात्यांच्या माळ्यावर त्यांचा जुना राऊटर लावला होता. हे लक्षात ठेवा, मी ठेवलं नव्हतं.

स्टुलावर चढलो आणि पहिल्याच नजरेत मला दोषी सापडला. वर जाणाऱ्या केबलचं आवरण उंदराने कुरतडलेलं. आतल्या जोड्या दिसत होत्या. मी मनात म्हटलं, झालं काम! कुरतडलेला भाग कापला, केबलच्या टोकाला नवीन क्लिप मारायला बसलो. आठ तारांचा क्रम ठरलेला. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. बावीस वर्षं हेच करतोय, झोपेत मारीन. पण दिवसा त्या कोपऱ्यात अंधार, बॅटरी लावलेला मोबाईल दातात धरलेला, आणि पहिल्या क्लिपमध्ये निळा आणि हिरवा उलटे गेले. ती कापली, दुसरी मारली. केबल तपासायच्या टेस्टरवर आठही दिवे ओळीत लागले. आधी टेस्टर लावला असता तर जुन्या क्लिपवरही ते लागले असते. उंदराने नुसतं आवरण खाल्लं होतं, तारेला दात लागला नव्हता. ते मला नंतर कळलं, कापलेला तुकडा हातात घेऊन पाहिल्यावर.

माझ्या मोबाईलवर नेट चाललं. अण्णा म्हणाले, "बघा, मी सांगत नव्हतो?" भडंग आलं, चहा आला. तेवढ्यात तात्यांच्या नातवाने टॅब पुढे केला. वायफायची खूण पूर्ण, खाली बारीक अक्षरांत, नेट नाही.

मग मी लॅपटॉप काढला आणि जे पहिल्या मिनिटाला करायचं ते दोन तासांनी केलं. स्विचला केबल लावली, नेट आलं. काढली, लावली, आलं. तिसऱ्यांदा लावली, गेलं. घरातल्या नेटवर प्रत्येक यंत्राला आपला एक आकड्यांचा पत्ता मिळतो. तो बघायला काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ही आज्ञा टाकली. मिळालेला पत्ता १९२.१६८.०.१०३.

या घरात असा पत्ता असूच शकत नव्हता. नेटचा डबा १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतो. तिसरा आकडा १ पाहिजे, इथे शून्य. म्हणजे घरात पत्ते वाटणारा आणखी कोणीतरी होता.

अण्णांना मी पंगतीचं उदाहरण दिलं. लग्नात उशिरा आलेला पाहुणा दारात उभा राहून मोठ्याने विचारतो, माझं पान कुठं? मोबाईल वायफायला जोडला की नेमकं हेच करतो, साऱ्या घराला ओरडून विचारतो. आता दारात यजमान दोन असले, तर ज्याने आधी हाक मारली त्याच्या पंगतीला पाहुणा बसणार. पहिल्या पंगतीत वाढपी फिरतायत. दुसऱ्या पंगतीत पानं मांडलीत, पाणी आहे, पण स्वयंपाकघराचं दारच त्या बाजूला नाही. पाहुणा उपाशी बसतो आणि यजमानाला वाटतं, वाढलंय की.

"मग माझा कॉम्प्युटर?" अण्णा.

"तुमचं पान राखीव आहे. प्रिंटरच्या भानगडीत मी त्याला कायमचा पत्ता हाताने लिहून दिलाय. तो विचारतच नाही कुणाला." सूनबाईंचा फोन त्याहून हुशार. वायफायवर जेवण मिळेना म्हटल्यावर तो गुपचूप बाहेर, मोबाईल डेटावर, जाऊन खाऊन यायचा.

दुसरा यजमान कोण, हे पाहायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं. लॉगिनचं पान उघडलं, वर राऊटरचं मॉडेल लिहिलेलं. ते वाचलं आणि भडंग घशात अडकलं. माळ्यावरचा. माझाच.

२०१९ मध्ये मी त्याची पत्ते वाटायची सोय बंद करून ठेवली होती, वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखेच दिले होते, म्हणजे जिना चढताना फोन आपोआप वरचा पकडेल. आता ॲडमिन, ॲडमिन टाकल्याबरोबर तो उघडला. सगळं कोरं, दुकानातून आणल्यासारखं. वायफायला नाव कंपनीचंच. सकाळपासून ते नाव माझ्या मोबाईलच्या यादीत दिसत होतं, आणि मी शेजाऱ्यांचं समजून सोडून देत होतो. गावभागात भिंतीला भिंत, यादीत दहा-बारा नावं असतातच. पण वरच्या मजल्यावर तेच नाव पूर्ण रेंज दाखवत होतं, हे बघायला हवं होतं. काकू तर पहिल्यापासून सांगत होत्या, "महिनाभर वर रेंजच नाही."

महिनाभर. मी नातवाला विचारलं, माळ्यावरच्या डब्याला कुणी हात लावला होता का?

"मीच. काका, तुम्हीच फोनवर सांगितलं की."

आठवलं. जूनमध्ये एका संध्याकाळी आख्ख्या भागाचं नेट गेलं होतं. मी गाडीवर, विश्रामबागच्या सिग्नलला. याचा फोन. घाईत म्हणालो, "मागचं बटण दाब, दहापर्यंत मोज." मला म्हणायचं होतं, बटणाने बंद कर, दहा मोज, परत चालू कर. चालू-बंदचं बटण त्या राऊटरला मागे आहेच. पण त्याच्या शेजारी एक बारीक भोकही आहे. पोराने पेन्सिलचं टोक त्यात घातलं आणि इमानदारीत दहा मोजले. राऊटर पार पुसला गेला, आणि तेव्हापासून माळ्यावर दुसरी पंगत सुरू.

बाकी काम पाच मिनिटांचं. पत्ता बदलला, वाटप बंद केलं, नाव-पासवर्ड जुने दिले, सगळ्यांचे फोन एकदा बंद-चालू केले. भोकावर चिकटपट्टी लावली. काकू जिन्यात उभ्या होत्या. त्यांना सांगितलं, खालून कुणी काही बंद केलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, पूर्ण पटल्यासारखी नाही.

खाली अण्णांनी पाकीट काढलं. "किती द्यायचे?"

म्हटलं, दोन क्लिपांचे द्या, फक्त. तेही घेताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. एक मी चुकीची मारली होती, आणि दुसरीची गरज नव्हती.