गोमेट : सरांनी ओळखला

रविवार, ९ नोव्हेंबर, रात्री

एकच शब्द बोललो. "हो." काल सकाळपासून तो घशात रुतून बसलाय, कुसळ अडकावं तसा.

सातपुड्यातल्या पालच्या शिबिराहून परत यायला आठ वाजले. मुलांना शाळेपाशी उतरवून मोजणी केली, ४२ पैकी ४२. दोरी, शिट्ट्या, औषधांची पेटी कपाटात गेली. ताई म्हणाल्या, "सर, यंदाचं शिबिर छान झालं." झालंच. थंडी बेताची, सुकी नदीला पाणी, आणि एकाही पोराचं पोट बिघडलं नाही. येताना गाडीत मी पुढे बसलो होतो. रावेर मागे पडल्यावर दुतर्फा केळीचे मळे लागले तेव्हा ड्रायव्हर त्याच्या अहिराणीत म्हणाला, "सर, काय व्हयनं? गपचूप बठेल शेतस." म्हटलं, दमलो. तेही खरं नव्हतं.

काल सकाळी साडेसहाला अंजनाच्या झाडाखाली बसलो होतो. तोच आपला जुना खेळ. डोळे मिटायचे, हात गुडघ्यांवर, वेगळा आवाज ऐकू आला की एक बोट उघडायचं. तीन मिनिटं. हा खेळ मी किती वेळा घेतलाय याची गणती नाही. माझी चार बोटं उघडली. तांबटाचा ठोका, बुलबुल, लांब घाटात गियर बदलणारी एसटी, आणि कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज. डोळे उघडले तर शेवटच्या रांगेतली ती दोन वेण्यांची मुलगी दोन्ही हात वर करून बसलेली. मी विचारलं, किती? ती म्हणाली ते मला "आठ" ऐकू आलं. बोटं मोजली तर सात होती.

मग तिनं विचारलं, "सर, वरून बारीक बारीक येत होतं ना, सी-सी असं? तुम्ही ऐकलं ना?"

४२ चेहरे माझ्याकडे. आणि मी म्हणालो, "हो. गोमेट."

मी काहीच ऐकलं नव्हतं. वर पाहिलं तेव्हा फांद्या आणि आकाश. गोमेट म्हटलं, कारण या दिवसांत या छोट्या पक्ष्यांचा थवा शेंड्याशेंड्यानं फिरतो, नराच्या छातीवरचा नारिंगी रंग उन्हात चमकतो, आणि त्याचा आवाज बारीक असतो. म्हणजे अंदाज. अंदाज करणं वाईट नाही, पण मी "असेल" म्हणालो नाही. तिनं वही काढली आणि लिहून घेतलं. पेन्सिल जिभेला लावून, सावकाश, ठळक अक्षरात.

माझ्या कानांचं मला जूनपासून माहीत आहे. तपासणीच्या कागदावर आलेख आहे, ४००० हर्ट्झपर्यंत रेघ बरी चालते आणि पुढे कड्यावरून पडावी तशी खाली जाते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की वयानं आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, आतल्या कानातल्या त्या सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. तांबट राहतो, घुबड राहतं, माणसाचा जाड आवाज राहतो. पातळ आवाज निघून जातात. बोलण्यातला "स" सुद्धा त्यातच. पोरं "सर" म्हणतात त्यातलं अर्धं मी आता सवयीनं ऐकतो. तो कागद घडी करून टेबलाच्या खणात ठेवला. हिला एवढंच सांगितलं की मळ होता, काढला.

बरं, कान गेल्याचं दुःख वेगळं, ते आज लिहायचं नाही. मला "हो" चं लिहायचंय.

नवीन कुणी आपल्यासोबत यायला लागलं की पहिल्या दिवशी फळ्यावर एक वाक्य लिहितो आपण. "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा." ते वाक्य माझं आहे. ताई परवानग्या आणि हिशेब सांभाळतात, ती दोन पोरं दोऱ्या बांधतात आणि नदी ओलांडून देतात, पावरा दादा पायवाट दाखवतो आणि ठसे वाचतो. माझ्याकडे काय आहे? विश्वास. मुलं माझ्याकडे बघतात तेव्हा त्यांना वाटतं की सर जे म्हणतील ते तसंच आहे. रानात शिकवणाऱ्याची एवढीच भांडवलाची पिशवी. २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण सगळ्या शाळांत सक्तीनं शिकवायला सांगितलं, तेव्हापासून प्रकल्पाच्या वह्या येतात, रेडीमेड चित्रं चिकटवलेली. आपण म्हणायचो की आपल्या पोरांच्या वहीत चिकटवलेलं काही नसेल. जे पाहिलं-ऐकलं तेच. आणि काल मी स्वतः चिकटवलं.

त्यातून रात्र. काल रात्री नेहमीसारखा कंदील मध्ये ठेवून बसलो (शेकोटी आपण जंगलात पेटवत नाही) आणि नेहमीसारखी रानपिंगळ्याची, त्या छोट्या घुबडाची, गोष्ट मीच सांगायला घेतली. पक्षी सप्ताहात ती सांगितल्याशिवाय शिबिर पुरं होत नाही. ती आपल्या सातपुड्याची गोष्ट. जेम्स डेव्हिडसन हा इंग्रज अधिकारी १८८० च्या दशकात खानदेशात होता, त्यानं रानपिंगळे गोळा केले. १८८४ नंतर तो पक्षी कुणालाच मिळाला नाही. मग रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या बड्या पक्षीतज्ज्ञानं सांगितलं की मला १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला, तापीच्या काठी, एक मिळाला. सगळ्यांनी मान डोलावली. एवढा मोठा माणूस, त्याच्या नोंदीला कोण हरकत घेणार. शोधणारे त्या नोंदीवर विसंबून शोधत राहिले. पक्षी कुठून सापडणार?

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी त्याचा तो जपून ठेवलेला नमुना पुन्हा तपासला. तो संग्रहालयातून चोरलेला निघाला, डेव्हिडसननंच जमवलेला, आत नव्यानं भरून वर खोटी चिठ्ठी बांधलेली. त्यांनी ती खोटी जागा बाजूला ठेवली, खऱ्या नोंदींच्या मागे गेल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या डोंगरपायथ्याशी, ११३ वर्षांनी, रानपिंगळा दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला त्यांना आणि त्यांच्या दोन सोबत्यांना दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. इथे मी दरवेळी थांबतो आणि विचारतो, "पोरांनो, एवढी वर्षं पक्षी कुठे होता?" मुलं ओरडतात, "इथंच!" मग मी म्हणतो, "पक्षी हरवला नव्हता. एका माणसाची नोंद खोटी होती."

काल ते वाक्य म्हणताना ती वेण्यांची मुलगी अगदी समोर बसली होती. कंदिलाच्या उजेडात तिच्या मांडीवरची वही दिसत होती. माझा आवाज बसला. पोरांना वाटलं, गोष्टीसाठी मुद्दाम थांबलो.

आणि आज दुपारी भरीत-भाकरी झाल्यावर ताईंनी वनखात्याला द्यायची यादी वाचायला दिली. पक्षी, दिसला की ऐकला, कोणी ओळखला. एकोणतिसाव्या क्रमांकावर : गोमेट. ऐकला. सरांनी ओळखला. मी सही केली. कालचं "हो" तोंडातून निसटलं म्हणता येईल. आजची सही निसटली म्हणता येत नाही.

३१ वर्षं. सुट्टीचा दिवस कसा असतो ते मला माहीत नाही. लेकीच्या किती वाढदिवसांना मी तोरणमाळला किंवा पाटणादेवीला होतो. ते सगळं आनंदानं केलं, कुणावर उपकार नाही, पण आज वाटतंय की या सगळ्याच्या बदल्यात निदान कान तरी शेवटपर्यंत सोबत द्यायला हवे होते. निदान रान तरी ऐकू यायला हवं होतं. सोळा तारखेच्या सभेत ताई विचारणारच आहेत, पुढच्या वर्षीही तुम्हीच ना? काय सांगू? असो. ते नंतर.

झोपतो आता. झोप येणार नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

काल दिवसभर आमच्या जुन्या शिबिरांतले अण्णा आठवत होते. गुडघे गेल्यावर अण्णांनी डोंगर चढणं सोडलं, शिबिर सोडलं नाही. ते पायथ्याशी धावड्याच्या सावलीत सतरंजी टाकून बसायचे. वरून उतरणाऱ्या प्रत्येक पोराला थांबवायचे. काय पाहिलंस? रंग कसा? शेपूट केवढी? बसला तेव्हा वाकडा बसला की ताठ? एकदा मी म्हणालो, अण्णा, मुलं दमलीत, जेवू द्या. ते म्हणाले, "अरे, मला दिसलं नाही ना. त्यांना दिसलंय. ते मला सांगू देत की." तेव्हा मला ते म्हाताऱ्याचं वेळ घालवणं वाटलं होतं. पण अण्णांना सांगायचं आहे म्हणून पोरं वर गेल्यावर नीट बघायची. आमच्या त्या वेळच्या वह्या अजून कपाटात आहेत. काल रात्री एक काढून पाहिली. माझ्याच हातचं कोतवाल पक्ष्याच्या शेपटीचं चित्र आहे, खाली अण्णांचा बारीक शेरा, "टोकं बाहेर वळलेली का? पुन्हा बघ."

अण्णांनी गुडघे कधी लपवले नाहीत. गुडघे लपवता येत नाहीत हेही आहे. कान लपवता येतात, त्यामुळे माझी परीक्षा जास्त अवघड होती आणि मी त्यात नापास झालो. एवढं लिहिल्यावर आज जरा मोकळं वाटतंय. पुढच्या वर्षीही डोळे मिटून बसेन. माझी चार झाली तर चार सांगेन. ज्याची सात होतील त्यानं उरलेले तीन मला सांगायचे. हे वाईट नाही. रान कमी झालेलं नाही, माझ्याकडे आता वेगळ्या वाटेनं येईल.

सकाळी ताईंच्या घरी गेलो. खणातला तो कागद सोबत नेला. त्यांनी आलेख पाहिला, चष्मा काढला आणि काही बोलल्या नाहीत. चहा ठेवला. मग यादी आणून माझ्यासमोर ठेवली. मी एकोणतिसावी ओळ खोडली आणि लिहिलं : बारीक आवाज, झाडाच्या शेंड्यातून. ओळख पटली नाही. ऐकणारीचं नाव पुढच्या रकान्यात घातलं. ताई म्हणाल्या, "गोमेटच असेल हो." म्हटलं, असेल.

दुपारच्या सुट्टीत शाळेत फोन केला. बाईंनी तिला बोलावलं. धापा टाकत आली असावी, श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, "बेटा, शनिवारी तू विचारलंस तो आवाज मी ऐकलाच नव्हता. ऐकला म्हणालो, ते चूक होतं. वहीतलं गोमेट खोडशील?"

थोडा वेळ गेला.

"मग तो कोणता होता, सर?"

"माहीत नाही."

"मी काढून दाखवू?"

तिनं काढून दाखवला. फोनवर नुसती हवा आली. म्हटलं, मला हे नाही ऐकू येत, तू शब्दांत सांग. एका दमात किती वेळा? ती म्हणाली तीन, कधी चार. मध्ये थांबतो? हो, थोडा. सूर वर जातो की खाली? ती गप्प झाली, स्वतःशीच पुन्हा काढून बघत असावी. मग म्हणाली, "वर जातो सर. शेवटचा वर जातो." एकटा होता की खूप? खूप, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सरकत होते, आधी डावीकडे आणि मग नदीच्या अंगाला.

मी लिहून घेत होतो. तिला म्हटलं, सावकाश सांग, मधली घंटा व्हायला अजून वेळ आहे.